प्रल्हादभाऊंचं पहिलं वर्ष

नाव-गाव विचारायच्या आधीच प्रल्हादभाऊ माझ्या डोक्याकडे टक लावून पाहत म्हणाले, "तुह्ये केस कापायले लय टाइम लागीन, पोरी."

मी दोन्ही हातांनी केस धरले. यवतमाळच्या कला महाविद्यालयातला तो माझा पहिला दिवस होता. मी वणीची. घरून निघताना आईनं अनोळखी माणसांबद्दल जेवढ्या सूचना दिल्या होत्या, त्यात ही शक्यता कुठेच नव्हती. शेजारच्या डेस्कवर बसलेला हा माणूस चाळिशी ओलांडलेला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पट्टी, कपाळाला गंध. मला आधी वाटलं, कुणाचा तरी बाप आहे, पोराला सोडायला आला असेल. पण त्यांच्यापुढे कोरा कागद होता आणि पेन्सिलीला टोक केलेलं होतं.

"काहून कापाचे?" मी विचारलं.

"कुरळे हायेत ना. एकेक बट येगळी धरा लागते. सरळ केस असले का मानूस एका झटक्यात मोकळा होते."

खुलासा दुपारी झाला. प्रल्हाद गावंडे यांचं कळंबला फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, लग्न, निवडणूक, तेरवी, सगळ्यांचे बॅनर ते बनवत. लोक फोटो आणून देतात, त्यात माणसामागे कूलर असतो, दोरीवरचे कपडे असतात, कधी म्हैस असते. त्या सगळ्यातून माणूस तेवढा अलगद वेगळा करायचा, याला त्यांच्या धंद्यात 'कापणे' म्हणत. वर्षानुवर्षं हे काम केल्यामुळे समोर आलेला प्रत्येक माणूस त्यांना कापायला सोपा की कठीण असाच दिसायचा. प्राचार्यांच्या चकचकीत टकलाकडे पाहून ते अगदी मनापासून म्हणाले होते, "सर, तुमचं काहीच टेन्शन नाई."

प्राचार्यांना तो दिलासा कशाबद्दल आहे ते कळलं नाही. पण ते "थँक्यू" म्हणाले.

या वयात ते कॉलेजात कशाला आले, हे कुणालाच माहीत नव्हतं. प्रवेशाला वयाची अट नव्हती, एवढं खरं. रोज सकाळी ते कळंबहून एसटीनं येत. दुकानात तोवर त्यांची बायको, सुनंदावहिनी, बसत. कुणी विचारलं की एकच उत्तर, "रेषा सुधाराची हाय." कळंबच्या लोकांचा यावर विश्वास नव्हता. कुणी म्हणे नोकरी लागणार आहे, कुणी म्हणे बायकोशी भांडण आहे. वहिनींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भांडन करायले मानूस घरी तं पाह्यजे!"

चित्रकलेच्या पहिल्याच तासाला राऊत सरांनी स्थिरचित्र दिलं. टेबलावर पितळी गडवा, दोन कांदे आणि खाली चुरगळलेलं कापड. राऊत सर प्रल्हादभाऊंपेक्षा वयानं लहान. वर्गातून फिरता फिरता ते आमच्या डेस्कमागे आले आणि थांबले. मी वळून पाहिलं. प्रल्हादभाऊंनी गडवा काढला होता, कांदेही होते. पण गडव्यामागे सूर्य उगवला होता. त्याची किरणं कागदाच्या चारही कडांपर्यंत गेली होती. वरच्या दोन कोपऱ्यांत दोन कमळं होती.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"जागा खाली दिसून राह्यली होती, सर."

"टेबलावर सूर्य आहे का?"

प्रल्हादभाऊंनी टेबलाकडे नीट पाहिलं. "नाई. पर लोक नाराज होतात, सर. येवढी जागा घेतली अन् खाली ठिवली म्हनतात."

रिकामी जागा हीसुद्धा चित्राचाच भाग असते, हे सरांनी त्यांना त्या दिवशी समजावून सांगितलं. नंतरही वर्षभर सांगत राहिले. प्रल्हादभाऊ मान डोलवत, "बराबर हाय" म्हणत, आणि सरांची पाठ वळली की कोपऱ्यात एक छोटंसं कमळ काढत.

मग माणूस समोर बसवून रेखाटन करायची वेळ आली. कॉलेजचे चौकीदार नामदेवकाका खुर्चीवर बसले. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या सुरकुत्या, गालांची हाडं, पुढे आलेला दात असं जमेल तसं काढलं. प्रल्हादभाऊंच्या चित्रात नामदेवकाका तिशीचे होते, एकही सुरकुती नव्हती आणि हात जोडून उभे होते.

"ते बसलेत," सर म्हणाले.

"बसलेला मानूस बॅनरवर बरा नाई दिसत."

तास संपल्यावर नामदेवकाकांनी सगळ्यांची चित्रं पाहिली. माझ्या चित्राकडे पाहून त्यांनी "हे कोन म्हातारा?" असं विचारलं. प्रल्हादभाऊंचं चित्र मात्र त्यांनी मागून घेतलं आणि चौकीत लावलं. सरांनी त्या चित्राला वर्गात सगळ्यात कमी मार्क दिले होते. नामदेवकाकांना ते कळल्यावर त्यांनी दोन दिवस सरांना नमस्कार केला नाही.

डिजिटल डिझाइनच्या वर्गात प्रल्हादभाऊ वाघ ठरणार, असं आम्हाला वाटलं होतं. माउस त्यांच्या हातात असा फिरायचा की पाहत राहावं. आम्ही पोरं एखादं बटण शोधत असताना त्यांचं काम होऊन जायचं. पण काटोलकर मॅडमनी तूरडाळीच्या एका काल्पनिक ब्रँडचा लोगो करायला सांगितला, आणि पंचाईत झाली. लोगो साधा हवा, मॅडम म्हणाल्या, छोट्या पुडीवरही ओळखू आला पाहिजे. प्रल्हादभाऊंच्या लोगोत तुरीचं झाड होतं, बैलजोडी होती, शेतकरी होता, विहीर होती, महाराष्ट्राचा नकाशा होता. सूर्य तर होताच.

"कमी करा, प्रल्हादभाऊ," मॅडम म्हणाल्या. त्याही त्यांना भाऊच म्हणत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा लोगो दाखवला. मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "काय कमी केलं?"

"एक बैल काढला."

"आणखी करा."

"आनखी?" प्रल्हादभाऊ माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दुसराही काढला तं जू कोनाच्या मानंवर ठिवाचं?"

तरी मॅडमच्या विषयात ते पास झाले. हळूहळू बैल गेला, विहीर गेली, शेतकरीही गेला, शेवटी तुरीची एक शेंग उरली. ती त्यांना कधीच आवडली नाही, पण मॅडमना आवडली. राऊत सरांच्या विषयात मात्र ते पहिल्या सत्रात सपशेल आपटले. सर त्यांना म्हणाले, "भाऊ, राग नका मानू. तुमचा हात कॉम्प्युटरवर धीट आहे, कागदावर घाबरतो. तुम्हाला एवढा धंदा आहे, तर हे हातानं काढायचं कशाला घेऊन बसलात?"

मला वाटलं, आता हे सोडतील. उलट ते एक तास आधी यायला लागले.

त्यांचा खरा शत्रू होता नाक. "डोये जमतात, ओठ जमतात, कानही जमून राह्यले," ते म्हणत. "नाक काय जमत नाई, बापा. नाकाले रेषाच नाई. सावलीच सावली हाय." मग ते नाकांच्या मागे लागले. वर्गात नाकं, कँटीनमध्ये नाकं. समोरच्याशी बोलताना त्यांची नजर डोळ्यांवरून घसरून खाली यायची आणि तिथेच थांबायची. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं तर पंधरा दिवस तोंडाला ओढणी बांधून काढले.

एक दिवस यवतमाळच्या बसस्टँडवर हे प्रकरण हातघाईवर आलं. मला वणीची गाडी पकडायची होती, त्यांना कळंबची. आमच्या समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. नाकात फुली, नाक अगदी ठसठशीत. प्रल्हादभाऊंनी कागद काढला. बरंच काम झालं होतं, तेवढ्यात म्हातारीचा मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला.

"काय पाहून राह्यला बे माह्या मायकडे?"

"नाक," प्रल्हादभाऊ मान वर न करता म्हणाले.

"काय?"

"नाक पाहून राह्यलो."

मुलानं बाटली खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या. चार माणसं गोळा झाली. मी मध्ये पडले, प्रल्हादभाऊंच्या हातातला कागद ओढून त्याच्यापुढे धरला. "दादा, आम्ही चित्रकलेचे विद्यार्थी आहोत. पाहा, नुसती नाकंच आहेत." खरंच त्या पानावर नाकांशिवाय काही नव्हतं. चपटी, लांब, बाकदार, एक तर नामदेवकाकांचं होतं, मी लगेच ओळखलं. मुलगा पाहतच राहिला. त्याच्या खांद्यावरून म्हातारी वाकली.

"यातलं माह्यं कोनतं?"

प्रल्हादभाऊंनी बोटानं दाखवलं.

"येवढं मोठं हाय?"

"लहान करून देतो ना," प्रल्हादभाऊ धंद्याच्या सवयीनं म्हणाले.

मुलगा हसला, माणसं पांगली. माझी गाडी मात्र निघून गेली होती. प्रल्हादभाऊंनी मला स्टँडच्या कँटीनमध्ये चहा पाजला. तिथे मी त्यांना सरळ विचारलं, "भाऊ, खरं सांगा. कायले करता येवढं? मार खाल्ला असता आज."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. मग सांगितलं.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानात बळीरामजी नावाचे एक शेतकरी आले होते. कळंबजवळच्या एका खेड्यातले. त्यांची बायको अंजना जाऊन बराच काळ लोटला होता. फोन हातात यायच्या आधीच ती गेली. नवं घर बांधलं, तर भिंतीवर तिची फोटोफ्रेम पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं.

"म्हटलं, फोटो द्या काकाजी. तं म्हने, फोटो नाई. म्हटलं, मंग कसं करू? तं म्हने, मी सांगतो ना."

बळीरामजींनी सांगितलं, गोल चेहरा, सावळी, मोठं कुंकू. प्रल्हादभाऊंना तेव्हा चित्र काढता येत नव्हतं. फक्त कापता येत होतं. त्यांनी इंटरनेटवरून अशीच कुठली तरी बाई शोधली, तिला हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू मोठं केलं, मागे निळं आकाश टाकलं आणि फ्रेम करून दिली.

"मंग? काय म्हणाले ते?"

"लय वेळ पायत राह्यले. मंग म्हने, थोडीशी येगळी वाटून राह्यली. पर फोटोत मानूस येगळंच दिसते म्हनतात. अन् घेऊन गेले."

पुढे एका बोर्डाचं माप घ्यायला प्रल्हादभाऊ त्या गावात गेले होते. बळीरामजींनी हाक मारून घरात नेलं. भिंतीवर ती फ्रेम होती, हार होता, खाली उदबत्ती जळत होती.

"कोन कुठची बाई हाय ते, मले मालूम नाई," प्रल्हादभाऊ म्हणाले. "जिती असंन, पोराबाळांत असंन. अन् हे बिचारे रोज तिच्यापुढे उदबत्ती लावून राह्यले. माह्यानं तिथचा चहा पेवला नाई गेला. तवाच ठरवलं, चित्र शिकाचं. कापून नाई भागत."

 मी त्यांना दुसरा चहा पाजला.

वर्षाच्या शेवटी राऊत सरांनी स्मरणचित्र दिलं. जवळच्या कुणा माणसाचा चेहरा, तो समोर नसताना, आठवणीतून काढायचा. प्रल्हादभाऊंनी हात वर केला.

"सर, दुसऱ्याच्या आठवनीतला चालीन का?"

"दुसऱ्याच्या आठवणीतलं तुम्हाला कसं दिसेल?"

"ते सांगतीन ना."

 "काढून तर पाहा," सर म्हणाले.

रविवारी मी कळंबला गेले. त्यांनीच बोलावलं होतं. "तू चाल. माह्यं नाक बिघडलं तं टोकशीन." दुकानाच्या मालवाहू ऑटोत, फ्लेक्सच्या लाकडी चौकटींना धरून आम्ही त्या खेड्यात पोचलो.

बळीरामजी अंगणात तुराट्यांची मोळी बांधत होते. एकटेच राहत होते. मुलगा वणीला कोळशाच्या ट्रकवर, सून-नातवंडंही तिकडेच. मी वणीची म्हटल्यावर त्यांनी मला मुलगा दिसतो का ते विचारलं. मी नाही म्हटलं, तरी त्यांनी त्याच्या ट्रकचा रंग सांगितला. घरात गेलो तर समोरच भिंतीवर ती बाई होती. टवटवीत, हसरी, मागे निळं आकाश.

"काकाजी, काकूचं नवं चित्र काढाचं हाय," प्रल्हादभाऊ म्हणाले. "हे आता जुनं झालं."

"जुनं कुठी झालं? रोज पुसतो मी."

"हातानं काढतो आता. तुम्ही सांगा फक्त. चेहरा कसा होता?"

"चांगला."

"नाक?"

"नाकासारखं."

"लांब का बसकं?"

"आता मी कायले पाहो? थे कामात, मी कामात." ते खाली बसले. "बाईच्या नाकाकडे कोन पायते?"

प्रल्हादभाऊंनी एक बसकं नाक काढून दाखवलं. "असं?" बळीरामजी म्हणाले, "हट." दुसरं काढलं. "हट." तिसऱ्या-चौथ्या नाकाला ते पुढे सरकले. मग त्यांना आठवत गेलं. तिची डावी भुवई अर्धीच होती. चुलीतली ठिणगी उडून जळली, तिथं केस पुन्हा आलेच नाहीत. बोलायच्या आधी ती ओठ दाबायची. रागावली की नाकपुड्या फुगायच्या. "अन् रागात तं रोजच राहे," ते म्हणाले. प्रल्हादभाऊ काढत होते, खोडत होते, कागद बदलत होते. मी एकदा नाकाच्या सावलीला टोकलं, एकदा कानाला. ऊन अंगणातून उंबऱ्यापर्यंत सरकलं.

"हे माह्या सासूवानी दिसून राह्यली," एका चित्रावर बळीरामजी म्हणाले.

"मंग जवळच आलो म्हना!" प्रल्हादभाऊ खूश झाले.

शेवटचं चित्र त्यांनी पुढे धरलं. चित्र काही फार सुंदर नव्हतं. एक डोळा किंचित वर गेला होता, मान जाड झाली होती. बळीरामजींनी कागद दारातल्या उजेडात नेला.

"रागात हाय," ते म्हणाले.

"हसरी करू का?"

"नोको. हेच बराबर हाय." आणि जरा वेळानं, "आली बाप्पा घरी."

प्रल्हादभाऊंनी खाली पाहत पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक आधीच होतं. मग म्हणाले, "काकाजी, एक सांगाचं होतं. ते भिंतीवरची काकू..."

"मालूम हाय मले."

"काय मालूम हाय?"

"थे अंजना नोहे. मले तवाच समजलं, तुह्या दुकानात. येवढं का मानूस ओयखू येत नाई? पर तू येवढी मेहनत केलती, म्हटलं राहू दे."

 प्रल्हादभाऊ घाईघाईनं उठून फ्रेमकडे गेले. "मंग काढून टाकतो इले. त्याच फ्रेममंदी हे बसवून देतो."

"ओ, हात नोको लावू!" बळीरामजी एवढ्या जोरात ओरडले की मीही दचकले. "येवढे वर्सं झाले, सगळं इलेच सांगत आलो. पऱ्हाटीवर अळी पडली तं इले, पोरगा वणीले गेला तं इले. आयकून घेतलं बिचारीनं. आता इले कुठी पाठवू?"

दुसरा खिळा लागला. हातोडी सापडली नाही, म्हणून वरवंट्यानं ठोकला. चित्र तात्पुरतं पुठ्ठ्याला चिकटवून बाजूला टांगलं. डावीकडे निळ्या आकाशातली हसरी बाई, उजवीकडे पेन्सिलीतली रागावलेली अंजनाबाई.

"भाऊ," मी हळूच म्हटलं, "अन् सबमिशनचं काय? सरांना ओरिजिनल लागते."

ते भिंतीकडे पाहत होते. "फोटो नाई चालीन?"

"नाही."

"मंग नापास." एवढंच म्हणाले. त्या विषयात ते खरोखरच राहिले, आणि पुढच्या वर्षी आमच्यामागून आलेल्या पोरांसोबत पुन्हा बसून पास झाले.

निघायची वेळ झाली म्हणून मी चपला घातल्या. प्रल्हादभाऊ मात्र पुन्हा खाली बसले आणि नवा कागद चित्राच्या पाटीला लावला.

"काकाजी, बसा जराक समोर. तुमचं काढतो."

"माह्यं कायले?" बळीरामजी म्हणाले. "मी हावो ना अजून."

"म्हनूनच."

बळीरामजींनी आमच्या दोघांकडे पाहिलं. मग खुंटीवरची टोपी काढून झटकली, डोक्यावर घातली, सदऱ्याची वरची गुंडी लावली, आणि भिंतीला पाठ टेकून ताठ बसले.